घरचा मिस्त्री : गाडीच्या स्टीरिओतली शिट्टी



मागच्या महिन्यात माझा भाचा त्याच्या अम्मीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन चिपळूणहून कराडला आमच्याकडे आला. आपाचे डोळे दाखवायला मिरजेला जायचे असते. कुंभार्ली घाट चढून आले की एक रात्र आमच्याकडे मुक्काम, हा त्यांचा नेहमीचा शिरस्ता. या वेळी आपा गाडीतून उतरली ती डोके धरूनच. मला वाटले, घाट लागला असेल. ती म्हणाली, "घाट नाही रे, ह्याच्या गाडीतली ती शिट्टी! गाडी पळेल तशी तीही वर चढते. शेवटी मीच म्हटलं, बंद कर बाबा ते यंत्र."

भाच्याने वर्षभरापूर्वी ही जुनी पेट्रोल गाडी घेतली. आधीच्या मालकाने त्यात स्टीरिओ, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि बेसचा मोठा डबा बसवून घेतला होता. भाचा म्हणाला, "मामू, दुकानात दाखवून आलो. त्यांनी सहाशे रुपयांचा फिल्टर लावला, काही फरक नाही. आता म्हणतात, पूर्ण सेट बदला, पंधरा हजार होतील. बदलून टाकू का?"

मी म्हटले, "आधी चहा घे. मग बघू शिट्टी कुठून येते ते. ते कळल्याशिवाय एक रुपयाही घालू नकोस."

त्या संध्याकाळी दोन तासांत शिट्टी गेली. खर्च झाला शंभर रुपयांच्या आत. पण शिट्टी शोधता शोधता तिच्यापेक्षा फार मोठी गोष्ट हाती लागली आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. ती पुढे सांगतो. आधी शिट्टीचे पाहू, कारण हा त्रास अनेकांच्या गाडीत आहे आणि बहुतेक जण एक तर पैसे घालवतात, नाही तर सवय करून घेतात.

हा त्रास नवा नाही

गाडीत रेडिओ आला तेव्हापासून ही कटकट आहे. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने 'मोटोरोला' नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला. त्या काळात गाडीत रेडिओ बसवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर. स्पार्क प्लगच्या वाटेवर तिला रोखणारे भाग बसवल्याशिवाय गाणे धड ऐकू येत नसे. आज प्लगमध्येच ही सोय बहुधा केलेली असते. पण गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू शंभर पटींनी वाढल्या, त्यामुळे आवाज घुसायच्या वाटाही वाढल्या.

शिट्टी येते कुठून?

इंजिन चालू झाले की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. काही जुने मिस्त्री अजून त्याला डायनामोच म्हणतात. तो बॅटरी चार्ज करतो. त्यात तयार होणारी वीज असते एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. आतले डायोड तिचे डीसी करतात. पण हे डीसी बॅटरीसारखे सपाट नसते, त्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन जोरात फिरले की लाटा भराभर येतात. म्हणून एक्सलरेटर दाबला की शिट्टीचा सूर वर चढतो आणि पाय काढला की खाली येतो. असा चढणारा-उतरणारा आवाज असेल, तर उगम अल्टरनेटर आहे हे जवळपास नक्की समजा.

मात्र उगम अल्टरनेटर आहे याचा अर्थ तो बिघडला आहे असा नव्हे. या लाटा चांगल्या अल्टरनेटरमध्येही असतात. खरा प्रश्न हा, की त्यांना स्पीकरपर्यंत वाट कोणी करून दिली?

त्याचे उत्तर बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडते. गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. प्रत्येक वस्तूला पॉझिटिव्हची वायर स्वतंत्र जाते, पण परतीचा प्रवाह पत्र्यातूनच येतो. कोकणातल्या माणसाला हे लगेच समजेल. घरामागचे गटार मोकळे असले की पावसाचे पाणी मुकाट निघून जाते. गटार तुंबले की तेच पाणी पडवीतून वाट काढते. अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर जिथे पत्र्याला जोडली आहे, तिथे रंग, गंज किंवा सैल स्क्रू असेल, तर परतीचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ही दुसरी वाट म्हणजे स्टीरिओपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गाणे वाहून नेणारी आरसीए वायर. तिच्या बाहेरच्या जाळीतून हा प्रवाह वाहू लागला की त्याच्यासोबत अल्टरनेटरच्या लाटाही येतात. अ‍ॅम्प्लिफायरला गाणे कोणते आणि लाट कोणती हे कळत नाही. तो दोन्ही मोठे करून स्पीकरला देतो.

आधी ऐका, मग पाना हातात घ्या

निदानाची सुरुवात कानापासून करायची. कागद-पेन घेऊन बसा आणि पुढच्या गोष्टींची उत्तरे लिहा.

पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि स्टीरिओ लावा. आवाज येतो का? मग इंजिन चालू करा. मग गाडी जागेवरच थोडी रेस करा. फक्त इंजिन चालू असताना आणि रेसबरोबर चढणारी शिट्टी असेल, तर कारण वर सांगितले. इंजिन बंद असतानाही सारखी गुणगुण किंवा खरखर असेल, तर वायरिंग किंवा सेटमध्ये शोधावे लागेल. पंखा लावल्यावर, वायपर चालवल्यावर किंवा इंडिकेटर देताना आवाज येत असेल, तर त्या त्या वस्तूचे अर्थिंग आणि तिच्याजवळून गेलेली आरसीए वायर तपासा.

टिक-टिक-टिक असा आवाज येत असेल आणि रेसबरोबर टिकटिक भराभर होत असेल, तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, त्याच्या वायरी आणि कॉइल यांच्याकडे पाहावे. बदलताना गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच प्लग घ्या. बऱ्याच प्लगच्या क्रमांकात 'आर' हे अक्षर असते, म्हणजे आत खरखर रोखणारा रेझिस्टर आहे. स्वस्तात मिळाला म्हणून बिना रेझिस्टरचा प्लग लावला की खरखर सुरू. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, तिथे प्लगला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट, आवाज सगळ्यांत येतो की एकातच? एफएम, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि ऑक्स वायर, एकेक लावून पाहा. फक्त एफएमवर येत असेल, तर शंका अँटेनावर. अँटेनाच्या बुडाशी गंज चढला की त्याचे अर्थिंग तुटते आणि पावसाळी भागात हे फार होते. स्टीरिओच्या मागून अँटेनाची पिन काढून पाहा. रेडिओची सुसू तर राहीलच, पण इंजिनाबरोबरची शिट्टी गेली, तर ती अँटेनातून येत होती. स्वस्त एलईडी दिवे, डॅशकॅम आणि चार्जर हेही एफएमचे वैरी. ते एकेक बंद करून पाहावेत.

तिसरी गोष्ट, आणि आजकाल हीच सर्वांत जास्त सापडते. फोन ऑक्स वायरने स्टीरिओला जोडला आहे आणि त्याच वेळी लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होतो आहे. फोनला आता दोन बाजूंनी अर्थ मिळाला आणि दोघांमध्ये चक्कर तयार झाली. शिट्टी सुरू! चार्जरची वायर उपसून काढा. शिट्टी तत्क्षणी थांबली, तर तुमचे काम झाले. गाणी ब्लूटूथवर ऐका किंवा ऐकताना चार्जिंग करू नका. ऑक्सच लागत असेल, तर ऑक्सच्या वायरीत बसणारा 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाचा छोटा डबा मिळतो. त्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. गाणे पलीकडे जाते, पण दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध तुटतो. फार स्वस्त डब्यात बेस कमी होतो, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट, स्टीरिओचा आवाज शून्यावर न्या. शिट्टी तरीही तेवढीच राहिली, तर ती आवाजाच्या बटणानंतर, म्हणजे आरसीए वायर किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला घुसते आहे. बटणाबरोबर तीही कमी-जास्त होत असेल, तर ती आधीच, म्हणजे फोन, ऑक्स किंवा अँटेनाच्या बाजूने येते आहे. या एका कसोटीने निम्मी गाडी तपासायची वाचते.

भाच्याच्या गाडीत दोन्ही प्रकार निघाले. चार्जर काढल्यावर शिट्टी कमी झाली, पण गेली नाही. उरलेली शिट्टी आवाज शून्यावर नेला तरी होती तेवढीच होती. म्हणजे आता डिकी उघडायची.

डिकीत काय सापडले

अ‍ॅम्प्लिफायर मागच्या सीटला खिळवलेला होता. त्याची काळी वायर जवळच्याच एका स्क्रूखाली कशीबशी दाबलेली. स्क्रू फिरवून काढला, तर खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. म्हणजे तांब्याची वायर रंगावर टेकलेली आणि जो काही संबंध होता, तो स्क्रूच्या आट्यांमधून. त्यावर गंजाचा थर.

अर्थिंग चांगले की वाईट हे मीटरने पाहता येते. साधा मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड स्क्रूवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर. वायर पुरत नसेल, तर एक लांब वायर जोडून घ्या. आता इंजिन चालू ठेवून गाणे मोठ्याने लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल, तर अर्थिंग उत्तम. आमच्याकडे बेसच्या ठोक्याला ०.७ पर्यंत जात होता. इथे ओहममध्ये मोजू नका. प्रवाह नसताना खराब सांधाही मीटरला चांगला दिसतो.

मग काम केले ते असे. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले. सीटमागे जाड पत्र्याची जागा निवडली आणि खाली पेट्रोलची टाकी, पाइप किंवा वायर नाही याची खात्री केली. रुपयाएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. वायरला तांब्याची थिंबल दाबून बसवली आणि बोल्ट, दातेरी वॉशर आणि नट यांनी घट्ट आवळली. वरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे पुन्हा गंज नको. काळी वायर लाल वायरीएवढीच जाड हवी आणि होईल तेवढी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत असली तर उत्तम. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थिंगसाठी कधीही सोडू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे, वायर अडकवण्यासाठी नाही.

पुन्हा मोजले, आकडा ०.०५. गाडी रेस केली. आपा मागच्या सीटवर बसून ऐकत होती. म्हणाली, "गेली रे! थोडी सुसू आहे, पण शिट्टी गेली."

ती सुसू होती गेनची. अ‍ॅम्प्लिफायरवर गेनचे छोटे बटण असते. त्याला आवाजाचे बटण समजून लोक पूर्ण फिरवून ठेवतात. मग गाण्याबरोबर सगळा कचराही मोठा होतो. स्टीरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत न्या, गेन अगदी खालून हळूहळू वाढवा आणि गाणे पुरेसे मोठे व स्वच्छ वाटले की थांबा. गेन निम्म्यावर आणला, सुसूही गेली.

आणि ती लाल वायर

आता ती मोठी गोष्ट. अर्थिंग झाल्यावर आरसीए वायर कुठून गेली आहे ते पाहायला मी गालिचा उचलला. नियम असा, की बॅटरीकडून येणारी जाड लाल वायर गाडीच्या एका बाजूने न्यावी, आरसीए दुसऱ्या बाजूने, आणि कुठे एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात. इथे दोघींची एकत्र वेणी घातली होती. त्या वेगळ्या करताना मी लाल वायरीचा माग काढत बॉनेटपर्यंत गेलो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ती वायर थेट बांधलेली होती. मध्ये फ्यूज नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली होती आणि भोकाला रबरी बूच नव्हते. पत्र्याच्या धारदार कडेवर घासून वायरचे लाल आवरण निम्म्याहून जास्त कापले गेले होते. आतले तांबे दिसत होते.

भाच्याला बोलावून दाखवले. त्याला आधी कळेना. मी म्हटले, "बॅटरी बारा व्होल्टची आहे, शॉक लागत नाही, म्हणून आपण बिनधास्त असतो. पण हे तांबे पत्र्याला टेकले, तर याच बॅटरीतून काही शे अँपिअर एकदम वाहतील. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि गोष्ट संपली असती. फ्यूज नाही, म्हणजे वायरच लाल होऊन पेटेल. आणि ती पेटेल तुझ्या अम्मीच्या पायाखाली, घाटात." मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेला ते गेले, पण अ‍ॅम्प्लिफायरची लाल वायर बॅटरीवरून काढून, टोकाला टेप गुंडाळून. परत आल्यावर नवी वायर, रबरी बूच आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, असे सगळे रीतसर केले. त्याचे सातशे रुपये वेगळे लागले आणि ते मी आनंदाने लावायला सांगितले. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. तो वायरीचे रक्षण करतो, त्यामुळे वायरीला झेपेल त्यापेक्षा मोठा घालू नये. उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळणे म्हणजे घरात काडी टाकणे.

विचार करा, भाच्याने पंधरा हजारांचा नवा सेट घेतला असता, तर तो याच वायरीवर जोडला गेला असता. शिट्टी राहिली असती ती राहिलीच असती, आणि धोकाही. म्हणून माझे सांगणे एवढेच, की आवाज दाबू नका, त्याचे कारण शोधा. फिल्टर हा सर्वांत शेवटचा उपाय. आधी चार्जर, मग अर्थिंग, मग वायरींची वाट, मग गेन, आणि एवढे करून उरले तर फिल्टर.

तरीही शिट्टी गेली नाही तर?

बॅटरीची टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत का पाहा. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड काळ्या वायरी तपासा. इंजिन बंद करून काही तास उलटलेल्या, भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा स्वतः कमी-जास्त करतो. आता मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. दहावा हिस्सा व्होल्ट किंवा कमी असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शंका घ्या आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. मात्र काही स्वस्त मीटर डीसीलाही एसी समजतात. इंजिन बंद असतानाच एसीवर पंचवीसच्या आसपास आकडा आला, तर त्या मीटरवर या कामासाठी विसंबू नका.

एक सूचना आणखी. सेट चालू असताना आरसीए पिना काढू-घालू नका. काही स्टीरिओंमध्ये आत एक नाजूक फ्यूज असतो, तो अशाने उडतो आणि कालपर्यंत शांत असलेला सेट आज एकाएकी शिट्टी घालू लागतो.

हात लावण्यापूर्वी

बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. चालू इंजिनाजवळ ओढणी, दुपट्टा, सैल बाही जाऊ देऊ नका, आत पट्टा फिरत असतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि जोड एअरबॅगचे असतात आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी मोठ्या दाबाच्या. या दोन्हींना हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायर कापू नका, तयार कपलर वापरा.

स्वतः करायचे नसेल, तरी हरकत नाही. वर सांगितलेली चार उत्तरे कागदावर लिहून मिस्त्रीकडे जा. "आवाज येतो" म्हणण्याऐवजी "रेसबरोबर चढतो, चार्जर काढल्यावर कमी होतो, आवाज शून्यावर नेला तरी राहतो" असे सांगितले की चांगला मिस्त्री नेमक्या जागी हात घालतो, आणि वाईट मिस्त्री सेट विकायच्या आधी दोनदा विचार करतो.

आणि तुमच्या गाडीत शिट्टी नसली, तरी एक काम या रविवारी कराच. बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर, जास्तीचे दिवे किंवा मोठा हॉर्न बसवून घेतला असेल, तर बॉनेट उघडा, बॅटरीवरून निघालेली प्रत्येक जास्तीची वायर बोटाने माग काढत पाहा. फ्यूज आहे का? पत्र्यातून जाते तिथे रबर आहे का? पाच मिनिटे लागतील.

आपाचा परवा फोन आला होता. डोळ्यांचे थेंब बदलून दिले आहेत, आराम आहे. पुढच्या खेपेला घाटभर ऐकत येणार म्हणते.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, पावसाळ्यात गाडीच्या काचा आतून का धुरकटतात आणि त्यावर काय करावे ते पाहू. तोवर खुदा हाफिज.